तिसरी टिक नाहीच

परवा रात्री साडेदहाला ग्वाल्हेरच्या दौलतगंजातून आत्याचा फोन. आवाज बारीक. "अरे, मी ग्रुपवर ते पेट्रोलच्या भावाचं पुढे पाठवलं होतं ना, त्याला दोन्ही टिक निळ्या झाल्यात. आता तिसरी आली तर काय करायचं रे?"

तिसरी टिक येत नाही. आजवर कुणालाही आलेली नाही. पण गणपतीत, लग्नघरात, बाड्यावरच्या बाजारात भाजी घेताना हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की आता तो एकदाचा नीट मांडतो.

या भीतीचं मूळ एक फिरता निरोप आहे. ग्वाल्हेरच्या ग्रुपांत तो हिंदीत येतो, पुण्याच्या नातेवाइकांकडून मराठीत. उद्यापासून नवे नियम, सगळे कॉल रेकॉर्ड होणार, तीन निळ्या टिक म्हणजे सरकारने निरोप पाहिला, दोन निळ्या एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, तीन लाल म्हणजे कोर्टाचं समन्स निघालं. नोव्हेंबर 2019 मध्ये अयोध्येच्या निकालाच्या वेळी तो देशभर फिरला, 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुन्हा आला. दर वेळी 'उद्यापासून'च! सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाने, म्हणजे पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने, तो खोटा असल्याचं जाहीर केलेलं आहे. ज्या सरकारच्या नावाने घाबरवलं जातं तेच नाही म्हणतंय, तरी निरोप पुढे पाठवणारे थांबत नाहीत. याचा मला राग येतो, कारण घाबरतात त्या आत्यासारख्या साध्या बायका.

व्हॉट्सअॅपवर खुणा चारच. घड्याळ म्हणजे निरोप तुमच्याच फोनमध्ये अडकला आहे, आपलं नेट तपासा. एक राखाडी टिक म्हणजे तुमच्याकडून निघाला, समोरच्याच्या फोनवर अजून पोचलेला नाही. दोन राखाडी म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. ही निळी खूण 2014 च्या नोव्हेंबरात आली आणि रंगांची गोष्ट तिथेच संपते. ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचल्याशिवाय टिक निळ्या होत नाहीत. म्हणजे आत्याच्या निळ्या टिकांचा अर्थ एवढाच, की ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांनी तिचा निरोप उघडला.

मग मधल्या मध्ये कुणी वाचतं का? एप्रिल 2016 पासून निरोप पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. किल्ली कंपनीकडेही नसते. निरोप मुळात कुणी लिहिला ते शोधून देण्याची सोय 2021 च्या आयटी नियमांनी मागितली, तेव्हा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. हे कुलूप तोडायला लावलं तर भारतातून निघून जाऊ, असं तिच्या वकिलांनी एप्रिल 2024 मध्ये तिथे सांगितलं. याचा अर्थ पोलिसांच्या हाती काहीच लागत नाही असा नाही. कोण, कुणाशी, कधी बोललं ही माहिती कंपनीकडून मागवता येते. मजकूर मिळतो तो बहुतेक वेळा जप्त केलेल्या फोनमधून, किंवा ग्रुपमधल्याच कुणी काढलेल्या स्क्रीनशॉटमधून.

आणि सरकार खरोखर हात घालतं तेव्हा काय दिसतं, हे ग्वाल्हेरने पाहिलेलं आहे. 2 एप्रिल 2018 च्या भारत बंदला ग्वाल्हेर, भिंड, मुरैना भागात हिंसाचार झाला, माणसं दगावली, संचारबंदी लागली आणि मोबाइल इंटरनेट बंद झालं. पुण्याहून चुलतभाऊ "सगळे ठीक ना?" विचारत होता. त्याच्याकडे एकच राखाडी टिक, माझ्या "ठीक आहोत"पुढे घड्याळ. नेट आल्यावर सगळे निरोप एकदम धडाधड आले. लाल काहीही नव्हतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एक टिक म्हणजे ब्लॉकच केलं, असं नाही. फोन बंद असेल, रेंज नसेल. ग्रुपमध्ये कुणी काहीही टाकलं तरी अॅडमिन तुरुंगात जातो, हेही खोटं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे, की दोघांचा समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या पोस्टसाठी अॅडमिन जबाबदार नाही. अॅप काढून टाकलं म्हणजे खातं मिटलं, असं होत नाही. ते सेटिंगमध्ये जाऊन वेगळं मिटवावं लागतं. संगणकावर 'या संदेशाची वाट पाहत आहे' दिसलं की हॅक झालं समजू नका. कुलपाची किल्ली जुळायची असते. पाठवणाऱ्याने त्याच्या फोनवर व्हॉट्सअॅप उघडलं की बहुधा निरोप येतो.

आता खरी काळजी कुठे करायची ते सांगतो. आत्याला एकदा लाइट बिलाची प्रत हवी होती. फोटोकॉपीच्या दुकानात पोऱ्याने तिच्या फोनने चौकोनी कोड स्कॅन करून व्हॉट्सअॅप संगणकावर उघडलं, प्रिंट काढली, टॅब बंद केला, आत्या पाच रुपये देऊन घरी आली. तीन दिवसांनी मी तिचा फोन पाहिला, तर जोडलेल्या उपकरणांत तो संगणक तसाच होता. टॅब बंद केल्याने लॉगआउट होत नाही. फोन घरी नेला म्हणजे दुकानातलं बंद झालं, हेही 2021 नंतर खरं राहिलेलं नाही. आता मूळ फोन बंद असला तरी संगणकावर निरोप येत राहतात. फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात. म्हणजे तीन दिवस तिच्या नातवंडांचे फोटो, बँकेचे कागद, आमची भांडणं त्या दुकानात कुणालाही वाचता आली असती. त्याची खबर आत्याला देणारी कुठलीच टिक नसते.

दुसरा धोका सहा आकडी कोडचा. "चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आला, सांगता का?" असं ओळखीच्या नावाने आलं तरी सांगू नका. त्या कोडने तुमचं खातं दुसऱ्याच्या फोनवर जातं. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावून ठेवा. पैसे गेलेच तर 1930 वर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं कठीण.

आत्याच्या फोनवर मी हे सगळं करून दिलं. तुम्ही आज घरातल्या मोठ्या माणसाचा फोन हातात घ्या, 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा आणि जे उपकरण तुमच्या घरातलं नाही, त्यावर बोट ठेवून लॉगआउट करा.