सीमोल्लंघनाचा खरा उपयोग
(पावसाळा सरताच शेजारचा मुलूख का व कसा पाहावा)

विजयादशमीस गावाची शीव ओलांडण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. चार महिने नदीनाले भरलेले, वाटा चिखलाच्या आणि बैल कामात गुंतलेले. त्यामुळे लष्कर काय, व्यापारी काय किंवा यात्रेकरू काय, सर्वांचे प्रवासाचे दिवस दसऱ्यानंतरच सुरू होत. आज पूल झाले, सडका झाल्या. परंतु ती चाल मात्र आपट्याची पाने वाटण्यापुरती उरली. शेतकऱ्याने तिचा खरा उपयोग करावा, म्हणजे पावसाळा सरताच शीव ओलांडून शेजारची शेती डोळसपणे पाहून यावी, असे आम्हांस सुचवावयाचे आहे. आमचा बिलोली तालुका तर सीमेवरच वसलेला आहे. मांजरेवरील येसगीचा पूल ओलांडला की तेलंगण लागते. इतके जवळचे परदेशगमन दुसऱ्या कोणास क्वचितच लाभत असेल!

नैऋत्येचे वारे वायव्य भारतातून साधारण १७ सप्टेंबरपासून माघार घेऊ लागतात आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देश सोडतात, असा हवामान खात्याचा सरासरी हिशेब आहे. आमच्या भागात हस्ताचा पाऊस बहुधा भरवशाचा, चित्रेचा लहरी, आणि स्वातीचा पडला तर हरभऱ्यास अमृत, नाही तर काढलेल्या सोयाबीनच्या गंजीस विष. या संधिकाळात भूमी जितकी रमणीय दिसते तितकी वर्षात पुन्हा कधी दिसत नाही. धुऱ्यावर गवत कमरेइतके, तूर फुलाच्या तयारीत, कापसाची बोंडे फुटू लागलेली, ओढे वाहते आणि आकाश धुतल्यासारखे. उष्ण कटिबंधातील कोणताही देश पाहण्यास प्रवासी हेच दिवस निवडतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

परंतु प्रवाशाची दृष्टी वेगळी व शेतकऱ्याची वेगळी असली पाहिजे. ज्या देशांत पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो तेथे हिरवे रान पाहून जमिनीच्या स्थितीचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने त्याच पुंजीवर काढावे लागतात. म्हणून ऑक्टोबरातील हिरवेपणा ही मिळकत नव्हे. ती केवळ हातात आलेली रोकड आहे. ती कशी खर्च होणार यावर वर्ष तरते किंवा बुडते.

ही गोष्ट एका परकीय विद्वानाने उत्तम ओळखली होती. इंग्लंडच्या रॉयल कृषिसंस्थेचे रसायनशास्त्रज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांस हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी १८८९ साली पाठविण्यात आले. ते एका हंगामावर समाधान मानून परत गेले नाहीत. वर्षभराहून अधिक काळ फिरले आणि भिजलेला व सुकलेला असे दोन्ही देश पाहून १८९३ साली आपला अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला. येथील चांगला शेतकरी इंग्लंडातील सामान्य शेतकऱ्याहून कोणत्याही प्रकारे उणा नाही, उणीव आहे ती पाण्याची व खताची, असा त्यांचा अभिप्राय पडला. जो एकदाच हिरवे रान पाहून परततो, त्यास असा अभिप्राय देण्याचा अधिकार नसतो.

महसूल खात्यातील कारकुनीत आमची उमर गेली. तेथेही हेच तत्त्व पाळलेले आहे. पिकाची पैसेवारी, जिला जुनी मंडळी अजून आणेवारीच म्हणतात, ती एकदाच ठरत नाही. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी ती ठरते. पहिल्या पायरीस साठ पैसे दिसणारे पीक तिसऱ्या पायरीस पंचेचाळीसवर येणे मुळीच नवल नाही, कारण पहिल्या वेळी डोळा पानांकडे जातो व शेवटी दाण्याकडे. पन्नास पैशांची रेघ कोठे पडते यावर गावाच्या सवलती अवलंबून असल्यामुळे या फरकाचे मोल काय, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

आता मांजरा ओलांडून पाहू. ही नदी मोठी बोधप्रद आहे. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात ती उगम पावते. धाराशिव, लातूर करीत कर्नाटकात बीदरकडे जाते. तेथून तेलंगणात शिरून उत्तरेस वळते आणि पुन्हा आमच्या सीमेवर येऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. लेक दोन सासरे फिरून माहेरी यावी तशी तिची गत आहे. वाटेत मात्र तिला ठिकठिकाणी अडविले आहे. आमच्याकडे धनेगावचे धरण, पलीकडे सिंगूर, आणि त्याहीपूर्वीचा निजामसागर. निजामसागराचे काम १९२३ साली सुरू होऊन १९३१ साली पुरे झाले. त्या वेळी मांजरेचे दोन्ही काठ एकाच निजामी राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, देगलूर तालुक्यातील बिच्कुंदा व जुक्कल ही मंडळे पलीकडे गेली, आणि नदी सीमा झाली. माती मात्र बदलली नाही.

बोधनकडे निघालेल्या पाहुण्यास ऑक्टोबरअखेर पहिली गोष्ट दिसते ती भाताची. कालव्याच्या पाण्यावर वाढलेले भात कापणीस आलेले असते, आणि सडकेच्या कडेने धान्य वाळत पडलेले असते. ते पाहून आपल्याकडेही भातच करावे असा मोह होईल. तो आवरावा. भात हे कालव्याचे पीक, आमची कोरडवाहू रेगडी हे ज्वारी, हरभरा व करडईचे घर. पाहून यावयाचे ते पीक नव्हे, तर पाण्याचा बंदोबस्त. हळदीचे रान पाहावे. निजामाबाद ही हळदीची मोठी पेठ असून २०२५ साली राष्ट्रीय हळद मंडळाचे ठाणेही तेथेच आले. सरीवरंब्यावर उभी हळद आणि पाणी निघून जाण्यासाठी काढलेले चर लक्षपूर्वक पाहावेत. साचलेल्या पाण्याने कंद कुजतो. तेव्हा पाणी देण्याइतकीच ते काढण्याचीही कला आहे. बोधनचा साखर कारखानाही ध्यानात घ्यावा. १९३७ साली सुरू झालेला हा कारखाना एके काळी आशियातील मोठ्या कारखान्यांत गणला जाई; २०१५ साली तो बंद पडला. पाणी असून भागत नाही, मालास घेणारा टिकला पाहिजे, हा धडा त्या बंद दारापुढे उभे राहून जितका पटतो तितका पुस्तकात पटत नाही.

परतताना धर्माबादकडून यावे आणि बाभळीचा बंधारा पाहावा. धर्माबाद हा पूर्वी आमच्याच तालुक्याचा भाग. गोदावरीवरील हा चौदा दरवाजांचा बंधारा २.७४ टीएमसी, म्हणजे २७४ कोटी घनफूट पाणी अडवितो. तो श्रीरामसागराच्या जलाशयाच्या हद्दीत येतो म्हणून आंध्र प्रदेशाने २००६ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा राहिला, परंतु अटी पडल्या. १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत दरवाजे उघडे ठेवावयाचे आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावयाचे. म्हणजे ज्या दिवसांत गोदावरी दुथडी वाहते त्या दिवसांत आम्ही काठावर उभे राहून पाहावयाचे, आणि पाऊस देश सोडून पंधरा दिवस झाल्यावर जे मागे उरेल ते अडवावयाचे. २९ ऑक्टोबरनंतर तेथे दिसणारा विस्तीर्ण जलाशय पाहून पाहुणा हरखून जाईल. परंतु त्यातील किती पाणी मार्चनंतर आपले, हा प्रश्न काठच्या शेतकऱ्याने विचारलाच पाहिजे.

निकाल निकालाच्या ठिकाणी. पण शेतात पडलेला थेंब अडविण्यास कोणत्याही न्यायालयाची अट नाही, हा आमच्या सांगण्याचा गाभा होय. नदीच्या पाण्यावर तारखा पडल्या आहेत. धुऱ्याच्या आतील पाण्यावर पडलेल्या नाहीत. बांध नीट असेल, उतारास आडवी पेरणी असेल, नाल्यावर बंधारा असेल, आणि नदीपात्रातील वाळू पात्रातच राहील, तर आपला श्रीरामसागर आपल्या जमिनीखालीच आहे. पात्रातून वाळू गेली की काठच्या विहिरी खोल जातात, हे मांजराकाठच्या गावांनी अनुभवलेले आहे.

म्हणून आमची सूचना अशी. संघाच्या प्रत्येक गावच्या चार-पाच सभासदांनी मिळून या दिवसांत एक दिवसाचा दौरा करावा. निघण्यापूर्वी तीन नोंदी वहीत कराव्यात. पहिली, आपल्या विहिरीचे पाणी काठापासून किती हातांवर आहे. दुसरी, वीतभर खोल माती मुठीत दाबली असता गोळा बनतो की फुटतो. तिसरी, गावचा ओढा कोणत्या तारखेस वाहावयाचा थांबला. शेजारच्या मुलखात गेल्यावर हेच तीन प्रश्न तेथील रयतेस विचारावेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशा चार वेळा मोजते. आपणही आपली विहीर त्याच महिन्यांत मोजावी, म्हणजे ताळा जुळेल. मातीची परीक्षा करावयाची असल्यास सगरोळीचे कृषि विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे.

या नोंदींवरून हरभरा किती, रब्बी ज्वारी किती आणि गव्हाच्या वाटेस जावे की न जावे, याचा निर्णय स्वातीच्या आत करावा. हिरवे रान पाहून गहू पेरणारा आणि विहीर मोजून हरभरा पेरणारा, हे दोघे शेजारी ऑक्टोबरात सारखेच सुखी दिसतात. त्यांच्यातील फरक माघात उघड होतो. संक्रांतीनंतर त्याच वाटेने एक फेरी पुन्हा करावी व दोन्ही वेळच्या वह्या संघाच्या बैठकीत शेजारी ठेवाव्यात. त्यांतील अंतर हेच आपल्या मुलखाचे खरे दर्शन होय.