समुद्र पाहायला जाताय? आधी खोली पाहा

गव्हाची पेरणी आटोपली की चार दिवस घर सोडता येते. मुलाबाळांना समुद्र दाखवायचा तर मालवण बरे. कोकण रेल्वेने कुडाळला उतरावे, पुढे एस.टी. आहे.

मोठे हॉटेल कशाला? घरगुती खोल्या स्वस्तात मिळतात. मात्र पैसे मोजण्याआधी खोली पाहा. आम्ही रात्री पोहोचलो, दमलो होतो, पाहिली नाही! सकाळी नळाला मचूळ पाणी. साबणाला फेस येईना, धाकटीने चूळ भरली नि रडायलाच लागली. तेव्हा नळाचे पाणी आधी जिभेवर घ्या. गादीखाली हात घालून ओल बघा, मच्छरदाणी मागून घ्या. भाड्यात चहा-नाश्ता धरलाय का, तेही विचारा. सुरमईचे ताट बांगड्यापेक्षा महाग पडते, मुलांना बांगडाच बरा. (सोलकढी मात्र सोडू नका.)

जून-जुलैत जाऊ नका. समुद्र खवळलेला, मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद.

आणखी एक. आपल्याकडे विहिरीत पोहणारे पुष्कळ, पण समुद्राचे पाणी निराळे. ओहोटीला ते माणसाला आत ओढते. भरती-ओहोटीची वेळ घरमालकाला विचारा. तो सांगेल तिथेच, गुडघाभर पाण्यात, मुलांचा हात धरून उतरा.