शिरेतून की तोंडावाटे?

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात फुप्फुसातील कफ इतका घट्ट होतो की, श्वासाबरोबर शिरलेले जिवाणू तेथेच अडकून राहतात. त्यांत ‘स्यूडोमोनस एरुजिनोसा’ विशेष चिवट. त्याने एकदा कायमचे ठाण मांडले की त्यास हुसकणे अतिशय कठीण. म्हणून कफाच्या तपासणीत तो प्रथम आढळताच प्रतिजैविके सुरू करतात.

सलाईन लावल्याविना औषध लागू पडत नाही, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. ब्रिटन व इटलीतील ‘टॉर्पेडो’ चाचणीने नेमके हेच २८६ रुग्णांवर पडताळले. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटास सेफ्टाझिडिम व टोब्रामायसिन चौदा दिवस शिरेतून, दुसऱ्यास सिप्रोफ्लॉक्सासिन तीन महिने तोंडावाटे. श्वासावाटे घ्यावयाचे कोलिस्टिन दोन्ही गटांना. तीन महिन्यांत जिवाणू नाहीसा होऊन पंधराव्या महिन्यापर्यंत परतला नाही, असे रुग्ण पहिल्या गटात ४४ टक्के, दुसऱ्यात ५२ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. तेव्हा तोंडावाटे औषध सरस ठरले असे नव्हे, पण शिरेतील औषधाचे श्रेष्ठत्वही सिद्ध झाले नाही.

पुढील वर्षभरात रुग्णालयात दाखल होण्याची वेळ मात्र पहिल्या गटात कमी जणांवर आली: ३१ टक्के, दुसऱ्यात ४५. तरी शिरेतील उपचारासाठी बहुधा आरंभीच रुग्णालयात राहावे लागते. मुलाची शाळा बुडते, आईवडिलांचे काम खोळंबते. टोब्रामायसिन देताना मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांवर लक्ष ठेवावे लागते. सिप्रोफ्लॉक्सासिनने स्नायुबंध दुखावू शकतात, शिवाय त्वचेला ऊन सोसत नाही.