घोड्याच्या दाढा उंच कशा झाल्या?

तुमच्या दातावरचे एनॅमलचे कवच झिजले की पुन्हा येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. घोड्याचेही तसेच! त्यातून तो खातो गवत, तेही मातीसकट. वाळूचे कण तर एनॅमलहून कठीण. त्याची दाढ वर्षाला २-३ मिलिमीटर झिजते. मग तो वीस-पंचवीस वर्षे चरतो कसा?

दाढेचा बराच भाग जबड्यात शिल्लक असतो. झिजेल तसा तो वर सरकतो. सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, कुत्र्याएवढ्या आद्य घोड्याच्या दाढा बुटक्या, पाल्यापुरत्याच होत्या. उत्तर अमेरिकेतील मेरिचिपस या घोड्याच्या सुमारे १.५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत मात्र त्या उंच दिसतात. दाढेला मुळे फुटणे लांबले आणि तोवर कवच वाढत राहिले. ज्यांच्या दाढा टिकल्या, त्यांची शिंगरे अधिक झाली. ही शिल्लक संपली, की म्हातारा घोडा गवतासमोर उभा राहूनही उपाशीच!