कोंबडी नंतर, आधी माती

घरच्या कोंबडीचं अंडं फोडलं की बलक कसा मस्त केशरी निघतो, नाही? आपण लगेच ठरवून टाकतो, ‘गावठी आहे, म्हणजे एकदम प्युअर!’ पण त्या रंगाचं क्रेडिट जातं कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्याला. पाल्यातली रंगद्रव्यं बलकात उतरतात. तसंच, मातीत शिसं असेल तर तेही अंड्यात उतरतं. त्याला मात्र ना रंग, ना वास, ना चव.

ही भीती हवेतली नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीतल्या संशोधकांचा २०२२ मध्ये आलेला अभ्यास सांगतो, की परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी ४० पट जास्त शिसं होतं. कोंबडी दिवसभर माती उकरते, टोचते, गिळते. जशी माती, तसं अंडं. आणि शिसं सगळ्यात जास्त बाधतं ते लहान मुलांच्या मेंदूला. म्हणजे तुमच्या घरातल्या धाकट्या भावंडांना.

आता आपल्या कळंबोलीकडे बघा. खाडीकाठची सखल, खार जमीन. त्यावर मुरमाचा भराव टाकून सिडकोने वसाहत उभी केली. बाजूला स्टील मार्केट, डोक्याशी हायवे, रात्रंदिवस ट्रक. देशात शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, पण शिसं मातीतून आपोआप निघून जात नाही. त्यात गॅरेजचा कचरा, जुन्या बॅटऱ्या, खरवडलेला ऑइलपेंट. गावठाणात किंवा बैठ्या घरांमागे चार कोंबड्या पाळायचा तुमचा प्लॅन असेल, तर पिल्लं आणायच्या आधी माती तपासून घ्या.

तपासायची कशी? जागेत पाच-सहा ठिकाणी वीतभर खणा, माती एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी कळतात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब वगैरे. पण खरी गोम इथेच आहे. त्या १२ मध्ये शिसं नाही! ती तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते. पैसे जातील, पण चार मित्रांनी मिळून केलं तर जमतं. शिसं जास्त निघालं तर कोंबड्यांना त्या मातीवर सोडूच नका. त्यांना तुसाच्या जाड थरावर ठेवा. बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करा आणि तिथला पाला कापून घाला.

शिसं नाही, फक्त माती गरीब आहे? मग टेन्शन नको. मुरमात पाणी टिकत नाही आणि सेंद्रिय कर्ब नावालाच असतो. उन्हाळ्यात खालचे क्षार वर येतात, पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसतात. यावर आपला पाऊस हेच औषध. चर काढून पाण्याला वाट दिली की क्षार धुऊन जातात. खार जमिनीचा अभ्यास करणारं कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र तर आपल्या पनवेललाच आहे. एकदा जाऊन या.

जूनमध्ये धैंचा पेरा. हे पीक क्षार सोसतं, साचलेलं पाणीही सोसतं आणि मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नत्र मातीला देतं. ४०-४५ दिवसांनी, फुलं येण्याच्या सुमारास, ते तिथेच कापून मातीत गाडा.

पाऊस ओसरला की मिश्र पेरणी. श्री. अ. दाभोळकरांच्या विचारातून पुढे आलेल्या नॅच्युएको पद्धतीत तृणधान्य, कडधान्य, तेलबिया, मसाल्याची पिकं असं सगळं एकत्र पेरतात आणि २१, ४२ व ६३ दिवसांनी कापून मातीत मिसळतात. आपण यात थोडा बदल करू. नाचणी, चवळी, मूग, तीळ, मेथी, लाल माठ असं बी फेका. पहिल्या दोन कापण्या मातीला द्या, तिसरीला कोंबड्यांना सोडा. एकच गवत लावलं तर एकच चव, एकच पोषण. पाच-सहा वनस्पती असल्या की पाला, बी, किडे, गांडुळं असं फुल मेन्यू कार्ड तयार होतं. कडेला शेवगा लावा, म्हणजे सावली मिळेल आणि पालाही. घोळ आपोआप उगवली तर उपटू नका.

एक मात्र पाळा. कोंबड्या एकाच जागी सोडल्या की पंधरा दिवसांत हिरवळीचं मैदान होतं आणि पावसाळ्यात चिखल. चिखल म्हणजे रक्ती हगवणीला आमंत्रण. जागेचे चार भाग करा आणि मध्ये जाळी लावा. पाला तीन बोटं उरला की कोंबड्या पुढच्या भागात आणि आधीच्या भागाला तीन-चार आठवडे सुट्टी. त्या काळात पडलेली विष्ठा कुजून तिचं खत होतं.

आणि हो, नुसत्या चरण्यावर कोंबडी भागवत नाही. दाणा द्यावाच लागतो. कवचासाठी शिंपल्यांचा चुराही. महापालिकेचे आणि सोसायटीचे नियम आधी विचारा, शेजाऱ्यांशीही बोलून घ्या.

हिशेब केला तर पिल्लं यायला निदान पाच-सहा महिने लागतात. रील बनवायला हे फारच स्लो आहे, मान्य. पण जूनची पेरणी चुकली तर वर्ष गेलं. तेव्हा मे संपायच्या आत मातीचा नमुना तेवढा देऊन टाका.