आधी डबा, मग सर्किट

गच्चीवरची टाकी भरली की खालचा पंप बंद करणारं सर्किट आता बरीच हौशी मंडळी घरीच जुळवतात. ईएसपी३२ बोर्ड, पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणि रिले, एवढ्यावर टेबलावर सगळं छान चालतं. मग हाताला लागेल त्या डब्यात ते कोंबलं जातं आणि पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतं. माझा आग्रह असा, की डबा आधी निवडावा. बोर्ड कसा बसेल, वायरी कुठून निघतील, दिवा कुठे दिसेल, हे सगळं त्यावर ठरतं. या टाकीच्या सर्किटला तर एक नाही, दोन डबे लागतात, आणि दोघांची गरज अगदी वेगळी असते.

गच्चीवरचा डबा

इथे ऊन आणि पाऊस दोन्ही आहेत. डब्यावर आयपी६५ किंवा आयपी६७ असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो, ७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. गच्चीला आयपी६५ पुरतो. मात्र हा दर्जा न फोडलेल्या डब्याचा असतो. आपण भोक पाडून त्यातून नुसती वायर ओवली, की तो गेला. म्हणून प्रत्येक केबलला ग्लँड लावावा आणि भोकं डब्याच्या तळालाच पाडावीत. बाहेर केबलला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी डब्यापर्यंत न पोचता झोलावरून गळून जातं.

घट्ट बंद डब्यातही पाणी सापडतं, आणि लोक चक्रावतात. दुपारी तापलेल्या डब्यावर अचानक सर आली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि बारीक फटींतून बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पुढे तिचंच पाणी होऊन बोर्डावर बसतं. कोकणात तर हे ठरलेलंच. यावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट प्लग मिळतो, तो बसवावा.

साधं एबीएस प्लास्टिक उन्हात पिवळं पडतं, ठिसूळ होतं. पॉलिकार्बोनेट किंवा एएसए जास्त टिकतं. रंग पांढरा किंवा फिका राखाडी घ्यावा. पारदर्शक झाकण दिसायला सुंदर, पण उन्हात आत भट्टी होते. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा डबा काढणार असाल, तर तो घरातच ठेवा. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि गच्चीवरचा बंद डबा मे महिन्यात त्याच्या जवळ जाऊ शकतो.

पंपाजवळचा डबा

इथे २३० व्होल्ट आहेत, त्यामुळे नीटनेटकेपणाआधी सुरक्षितता. स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा डबा इथे कधीही वापरू नये, तो पेट घेतो. आग न धरणाऱ्या प्लास्टिकचा विद्युत डबाच हवा. धातूचा घेतला तर अर्थिंग सक्तीचं, आणि झाकणालाही वेगळी अर्थची वायर, कारण रंगाच्या थरातून वीज नीट वाहत नाही.

१ एचपीचा पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. छोट्या निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असलं, तरी पंप थेट त्यावर टाकू नये. रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा स्विच, चालवावा आणि कॉन्टॅक्टरने पंप. कॉन्टॅक्टर ३५ मिलिमीटरच्या डिन पट्टीवर बसतो, म्हणजे पट्टी असलेला डबाच घ्यायचा, हे इथेच ठरलं. आत २३० व्होल्टच्या वायरी एका बाजूला, ५ व्होल्टच्या दुसऱ्या बाजूला, मध्ये प्लास्टिकची आडभिंत. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

माप

दुकानात सांगितलेलं माप बहुतेकदा बाहेरचं असतं. भिंतींची जाडी आणि कोपऱ्यांतले स्क्रूचे खांब वजा केले की आत बरीच कमी जागा उरते. आर्डुइनो उनो ६८.६ × ५३.४ मिलिमीटर आहे, पण त्याला यूएसबीची पिन लावली की लांबी कितीतरी वाढते. पुठ्ठ्याचा तेवढाच डबा करून, सगळ्या केबल जोडून, झाकण लावून पाहावं.

उष्णता आणि वाय-फाय

१२ व्होल्टवरून ७८०५ रेग्युलेटरने ५ व्होल्ट काढले आणि प्रवाह ०.३ अँपिअर असला, तर २.१ वॅट नुसती उष्णता होते. बंद डब्यात ती साठते. बक कन्व्हर्टर वापरला की प्रश्न बराचसा मिटतो. धातूच्या डब्यात वाय-फाय अडतं, तेव्हा अँटेना बाहेर काढावी किंवा प्लास्टिक घ्यावं.

कुठे मिळतो

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर. पण कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातला पीव्हीसी जंक्शन बॉक्स आधी पाहा. स्वस्त असतो आणि घरातल्या पुष्कळ कामांना पुरतो.

भोकं पाडताना

कागदावर आराखडा काढून डब्यावर चिकटवावा आणि आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडावं. मोठ्या भोकाला स्टेप ड्रिल, तेही हळू, नाहीतर प्लास्टिक वितळून कडा फुगतात. पीजी७ ग्लँडला साधारण १२.५ मिलिमीटर भोक लागतं. चौकोनी खाचेला कोपऱ्यांत भोकं पाडून मधला भाग कापावा आणि कडा कानशीने सरळ कराव्यात. बोर्ड डिंकाने चिकटवू नये, स्पेसरवर कसावा. काही ईएसपी३२ बोर्डांची भोकं एम३ स्क्रूला लहान पडतात. तेव्हा परफबोर्डवर फीमेल हेडर लावून त्यात बोर्ड खोचावा आणि परफबोर्ड स्पेसरवर बसवावा. बोर्ड बिघडला तर सोल्डरिंग न उखडता बदलता येतो. झाकण लावण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला सर्किटची आकृती आणि कोणत्या रंगाची वायर कुठे जाते, ते लिहून चिकटवावं.