धुराची चव आणि लाकडाची पारख

जळगावकडे भरिताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. तेच वांगे घरी गॅसच्या ज्योतीवर भाजले, तर साल तितकीच करपते आणि गरही तितकाच मऊ होतो. पण खाणारा पहिल्याच घासाला फरक ओळखतो. काड्यांवर भाजलेल्या भरिताला जो खमंगपणा असतो, तो गॅसवरच्या भरिताला येत नाही. उष्णता दोन्हीकडे मिळाली. मग कमी काय पडले? कमी पडला तो धूर.

अमेरिकेच्या दक्षिण भागात बार्बेक्यू करताना मांस मंद आचेवर तासन्‌तास धुरात ठेवतात. त्यासाठी हिकरी, ओक, मेस्किट अशा झाडांची लाकडे निवडून आणतात. युरोपात मासे धुरवण्यासाठी बीच आणि आल्डर या झाडांचे लाकूड वापरतात. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर टूना मासा उकडून, नारळाच्या सोडणांच्या धुरात ठेवून आणि मग उन्हात वाळवून टिकवतात. आपल्याकडेही शेगडीवर भाजणे आणि धुराचा वास देणे लोकप्रिय होत आहे. तेव्हा कोणते लाकूड चांगले, कोणते वाईट आणि ते आणायचे कोठून, हे प्रश्न विज्ञानाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

लाकडात असते काय?

वाळलेल्या लाकडाचा बहुतेक भाग तीन पदार्थांचा बनलेला असतो. सेल्युलोज हा त्यातला सर्वांत मोठा वाटा, साधारणपणे ४० ते ५० टक्के. त्याच्या जोडीला हेमिसेल्युलोज असते. तिसरा पदार्थ लिग्निन. सेल्युलोजच्या धाग्यांना एकत्र धरून लाकडाला ताठपणा देण्याचे काम लिग्निन करते. भिंतीत सळया आणि सिमेंट असतात, तसेच काहीसे हे नाते आहे.

लाकूड तापू लागले की प्रथम त्यातले पाणी निघून जाते. तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की हेमिसेल्युलोज फुटू लागते, ३०० अंशांच्या पुढे सेल्युलोजचे विघटन जोराने होते, आणि लिग्निन त्याहूनही अधिक तापमानापर्यंत सावकाश फुटत राहते. हे सारे प्राणवायू अपुरा असताना घडले, तर बाहेर पडणारी वाफ पूर्ण जळत नाही. हवेत आल्यावर थंड होऊन तिचे बारीक थेंब बनतात. त्यालाच आपण धूर म्हणतो.

सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांपासून ॲसिटिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड आणि गोडसर वासाची काही संयुगे मिळतात. यांतली काही संयुगे अन्नातल्या प्रथिनांशी संयोग पावतात आणि पदार्थाला सोनेरी-तपकिरी रंग येतो. लिग्निनपासून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही फिनॉल वर्गातील संयुगे मिळतात. ज्याला आपण 'धुराचा वास' म्हणून ओळखतो, तो मुख्यतः यांचाच. फिनॉल संयुगे चरबीला खवट होऊ देत नाहीत आणि आम्ले जंतूंची वाढ रोखतात. म्हणून धुरवलेला मासा अधिक टिकतो.

येथे एक गंमत लक्षात घ्या. कोळसा म्हणजे आधीच बाष्पनशील द्रव्ये काढून टाकलेले लाकूड. त्यामुळे चांगला पेटलेला कोळसा भरपूर उष्णता देतो; पण लाकडाचा वास जवळजवळ देत नाही. मग तंदूरमधल्या कबाबाला वास येतो तो कशाचा? निखाऱ्यावर गळणाऱ्या चरबीच्या आणि मसाल्याच्या धुराचा. आमटीत वाटी ठेवून, तिच्यात निखारा घालून, त्यावर तूप सोडून आपण धुरी देतो, तेव्हा तो धूर तुपाचा असतो. लाकडाचा वास हवा असेल, तर निखाऱ्यांवर लाकडाचे तुकडे ठेवावेच लागतात.

पहिला प्रश्न : झाड कोणते?

झाडांचे दोन मोठे गट आपण शिकतो : रुंदपर्णी आणि सूचिपर्णी. रुंदपर्णी झाडांच्या लिग्निनपासून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही दोन्ही मिळतात. चीड, देवदार अशा सूचिपर्णी झाडांच्या लिग्निनपासून मुख्यतः ग्वायकॉल मिळते. शिवाय त्यांच्या लाकडात राळ असते. राळ जळली की काळा, काजळीचा धूर होतो आणि अन्नाला कडवट टर्पेंटाइनसारखी चव येते. म्हणून धुरासाठी रुंदपर्णी झाडेच निवडतात.

पण सगळी रुंदपर्णी झाडेही चालत नाहीत. सागाच्या लाकडात कीड दूर ठेवणारी तेलकट द्रव्ये असतात. फर्निचरसाठी तो गुण आणि अन्नासाठी तोच दोष. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला की फोड येतात; असे लाकूड जाळण्याच्या भानगडीत पडू नये. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात, त्यामुळे तिची काडी सळई म्हणूनसुद्धा वापरू नये.

मग चालते काय? पेरूचे लाकूड उत्तम. हवाई बेटांत त्याचा धूर मुद्दाम देतात. बाभूळ घट्ट असते आणि सावकाश जळते. नारळाच्या करवंटीत लिग्निन भरपूर असते. आणि अमेरिकेत ज्या मेस्किटचे एवढे कौतुक होते, त्याच गटातले एक झाड आपल्या माळांवर माजलेले आहे. ते म्हणजे वेडी बाभूळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भारतात आणले गेले आणि आता देशी गवताला व झुडपांना जागा ठेवत नाही. कच्छच्या बन्नी भागात त्याचा कोळसा पाडतात. हे लाकूड तोडल्याने देशी झाडाचे नुकसान होत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

दुसरा प्रश्न : लाकूड वाळले आहे का?

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. चांगल्या वाळलेल्या लाकडात ते १५ ते २० टक्के असते. फरक किती पडतो ते हिशेबाने पाहू. एक किलो ओल्या लाकडात अर्धा किलो पाणी आहे असे समजा. उरलेले अर्धा किलो कोरडे लाकूड जळून सुमारे २,२५० किलोकॅलरी उष्णता देते. अर्धा किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ३५ आणि त्याची वाफ करायला २७० किलोकॅलरी लागतात. म्हणजे मिळालेल्या उष्णतेपैकी सुमारे सातवा भाग नुसते पाणी उडवण्यातच गेला. त्याहून वाईट म्हणजे जाळ थंड पडतो, ज्वलन अपुरे होते आणि दाट पांढरा, झोंबणारा धूर निघतो. लाकडाचे तुकडे आधी पाण्यात भिजवावेत असे काही जण सांगतात. तेव्हा सुरुवातीला जे पांढरे लोट दिसतात, त्यांत वाफच अधिक असते.

धुराच्या रंगावरूनही पारख होते. धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असले, तर ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. आकाश निळे दिसते त्याचे कारणही असेच. कण मोठे असले तर सगळे रंग सारखेच विखुरतात आणि धूर पांढरा दिसतो. म्हणून जाणकार पातळ, निळसर धुराची वाट पाहतात आणि मगच पदार्थ ठेवतात.

तिसरा प्रश्न : लाकूड आले कोठून?

शहरात हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. मिरा-भाईंदरचे उदाहरण घेऊ. या शहराच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. लाकूड तर सगळीकडे दिसते. पण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ते न घेण्याला कारण आहे.

राष्ट्रीय उद्यानातले लाकूड आणणे हा गुन्हा आहे. खाडीकाठचे तिवर आणि कांदळ एकेकाळी सरपणासाठी तोडले जात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. भरतीच्या लाटा अडवणारी आणि माशांच्या पिल्लांना आसरा देणारी ही झाडे आहेत. उत्तनच्या कोळ्यांची मासेमारी त्यांच्यावरही अवलंबून असते. शिवाय खारफुटीत गेवा नावाचे एक झाड असते. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाण्याची भीती असते आणि त्याच्या लाकडाचा धूरही डोळ्यांना अपायकारक असतो.

किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके फुकट मिळतात. पण ते खाऱ्या पाण्यात मुरलेले असतात. मिठातल्या क्लोरीनमुळे ते जळताना डायॉक्सिन वर्गातील घातक संयुगे तयार होतात. जुन्या होडीच्या फळ्यांवर शेवाळ आणि शंख-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेल्या रंगात तांब्याची संयुगे असतात. त्याही वर्ज्य.

राहिले भंगारातले लाकूड. प्लायवुडच्या थरांत फॉर्माल्डिहाइडपासून बनवलेला गोंद असतो. जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे २०१७ साली लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. वाळवी लागू नये म्हणून काही लाकडांना तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची प्रक्रिया केलेली असते. असे लाकूड जाळले तर आर्सेनिक नाहीसे होत नाही. काही धुरात जाते, उरलेले राखेत राहते. मूलद्रव्य जाळून नष्ट होत नाही, हा रसायनशास्त्राचा पहिला धडा येथे विसरून चालत नाही.

परदेशी मालाबरोबर येणाऱ्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या कणसाचे चिन्ह दिसेल. त्याच्याजवळ 'एचटी' ही रोमन अक्षरे असतील, तर लाकूड कीड मारण्यासाठी नुसते तापवलेले आहे. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. 'एचटी' असले तरी त्यावर वाटेत काय सांडले ते कळत नाही, आणि अशी खोकी पुष्कळदा चिडाच्या लाकडाची असतात.

मग घ्यायचे कोठून? ओळखीच्या बागेतल्या पेरूच्या छाटलेल्या फांद्या, वाऱ्याने पडलेली ओळखीची फांदी, नारळाच्या करवंट्या, किंवा वखारीतून झाडाचे नाव विचारून घेतलेले, साल अजून अंगावर असलेले लाकूड. साल असली की झाड ओळखता येते आणि लाकडाला रंग-रोगण लागलेले नाही हेही कळते. मात्र शहरातले उभे झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; झाड आपल्याच आवारातले असले तरीही.

चांगल्या लाकडाचाही धूर शेवटी धूरच

निवडलेल्या लाकडाच्या धुरातही बेंझोपायरीन हे कर्करोगकारक संयुग थोडे असतेच. जाळ जितका प्रखर आणि निखाऱ्यावर चरबी जितकी जास्त गळेल, तितके ते वाढते. युरोपीय संघाने धुरवलेल्या मांसात एका किलोमागे २ मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा २०१४ पासून ठेवली आहे. म्हणून आच मंद ठेवावी, चरबी निखाऱ्यावर गळू देऊ नये, काळा पडलेला भाग काढून टाकावा आणि असे पदार्थ रोजचे नसावेत. धुराचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला, तो याच कारणाने.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका : पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

करून पाहा

१. एकाच फांदीचे तीन तुकडे घ्या. एक उन्हात, एक सावलीत आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. दर रविवारी वजन करून आलेख काढा. वजन घटायचे थांबले की तुकडा हवेच्या मानाने वाळला. हाच प्रयोग पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात करून आलेखांची तुलना करा.

२. शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडक्या उघड्या ठेवून, शिक्षकांच्या हातून : कठीण काचेच्या परीक्षानळीत लाकडाचा कोरडा भुसा तापवा आणि निघणारी वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या नळीत न्या. दुसऱ्या नळीत डांबर आणि पाण्यासारखा द्रव जमेल. त्या द्रवाने निळा लिटमस तांबडा होईल. पहिल्या नळीत कोळसा उरेल. पेरूचा भुसा आणि चिडाचा भुसा वेगवेगळा तापवून नळीच्या तोंडाजवळचा वास हाताने थोडासा आपल्याकडे लोटून घ्या. कोणत्या झाडाचे लाकूड अन्नासाठी का निवडतात, हे तुमचे नाकच तुम्हाला सांगेल.